गेम पीसीवर झाला, आता फोनवरही काढायचा का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत दोघंतिघं मिळून गेम बनवत असतील, तर पीसीचं काम संपायच्या आतच विचारणा सुरू होते: अँड्रॉइडवर कधी येणार? याचं उत्तर स्टोअरची फी बघून ठरवू नका. स्टीम या पीसी गेमच्या स्टोअरवर एका गेमचे १०० डॉलर, गूगल प्लेला एकदाच २५, ॲपलला वर्षाला ९९. खर्च होतो तो माणसांच्या वेळेचा. दोघांचे तीन महिने, महिना प्रत्येकी ३० हजार धरले तर १ लाख ८० हजार रुपये झाले. ९९ रुपयांच्या गेममागे जीएसटी आणि स्टोअरचा वाटा जाऊन ७० रुपये हाती येतात असं धरलं, तर नुसतं मुद्दल सुटायला साधारण २,५७० खरेदीदार लागतात. शिवाय प्रत्येक अपडेटचं काम पुढे चालूच.

सगळ्यात महागात पडतं ते प्रोजेक्टची कॉपी काढून ‘मोबाइल व्हर्जन’ वेगळं चालवणं. सुरुवातीला काम भराभर होतं. मग पीसीवर काढलेला बग फोनवर तसाच राहतो, सेव्ह फाइल एकीकडची दुसरीकडे उघडत नाही, आणि प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते. प्रोजेक्ट एकच ठेवा. इनपुट, सेव्ह, ग्राफिक्सची सेटिंग आणि स्टोअरशी बोलणारा कोड तेवढा बाजूला काढा. बाकी कोडमध्ये ‘स्पेसबार दाबला’ असं कुठेही नको, ‘पकड केली’ असं हवं.

तरीही काही गेमना खरोखर वेगळी आवृत्ती लागते. कुस्तीचाच गेम घ्या. कंट्रोलरवर ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव बटणांच्या जोड्यांवर बसवता येतात. तीच बटणं काचेवर काढली की अंगठ्यांना त्यांच्या कडा जाणवत नाहीत, खालचे दोन्ही कोपरे हातांनी झाकले जातात आणि डाव चुकतो. मग डाव बोट फिरवण्याच्या दिशेवर न्यावे लागतात, दाबायची मुदत वाढवावी लागते, कुस्ती लहान करावी लागते. म्हणजे खेळाचा सगळा तोल नव्याने बसवायचा. तेवढी तयारी असेल तरच हात घाला. पत्ते, कोडी, आळीपाळीने खेळायचे गेम मात्र फोनवर सहज जातात.

तांत्रिक बाजूला पहिला घात टेक्श्चरचा, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचा होतो. २०४८ बाय २०४८ चं एक चित्र कॉम्प्रेस न करता मेमरीत १६ एमबी खातं. एएसटीसी ६×६ या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत तेच सुमारे १.८ एमबी. ही सेटिंग राहून गेली की कमी रॅमच्या फोनवर सिस्टीमच गेम बंद करते आणि खेळणाऱ्याला तो क्रॅश वाटतो. दुसरा घात उष्णतेचा. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) हव्यात तर एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि ते गणित कोलमडतं. म्हणून पाच मिनिटं खेळून निकाल देऊ नका. जुन्या, स्वस्त फोनवर सलग अर्धा तास चालवा, तेही मे महिन्यातल्या दुपारी. टिकत नसेल तर ३० फ्रेमवर बांधून टाका.

फोनवर मराठी द्यायचीच, पण युनिटी या गेम इंजिनच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (पडद्यावर अक्षरं दाखवणारा भाग) जोडाक्षरं फुटतात आणि ‘कि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला लागते. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनमध्ये हा त्रास नाही. ही गोष्ट इंजिन निवडतानाच तपासा.

गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस ‘क्लोज्ड टेस्ट’, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते. मित्रमंडळी आधीच गोळा करा आणि मध्येच कोणी बाहेर पडणार नाही हे बघा.

पहिली जादा आवृत्ती म्हणून आमचं मत स्टीम डेकला, म्हणजे स्टीमचे गेम हातात धरून खेळायच्या छोट्या पीसीला. विंडोजची बिल्ड (गेमची तयार प्रत) तिथे प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीवर, बहुतेक वेळा जशीच्या तशी चालते. १२८० बाय ८०० च्या पडद्यावर अक्षरं वाचता येतात का आणि सगळे मेनू माउसशिवाय उघडतात का, एवढं नीट करायचं. कंट्रोलरसाठी केलेलं हेच काम पुढे कन्सोलवर जायचं ठरलं तर तिथेही उपयोगी पडतं.