पहिलं नॉर्मलच झालं ना, मग दुसऱ्याला काय हरकत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लिफ्टमध्ये विचारलंत, हळदीकुंकवाला विचारलंत, परवा तर पार्लरमध्ये थ्रेडिंग चालू असताना, म्हणजे डोळ्यात पाणी आधीच होतं. पोरगा चार वर्षांचा झाला, पहिलं नॉर्मल झालंय, सिझरसुद्धा नाही, मग एवढा कसला विचार करतेस. मी दरवेळी "बघू" म्हणते आणि घरी येऊन भांडी आपटते. आज एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

हो, नॉर्मल झालं. फाइलीत व्हॅक्यूम लिहिलंय, म्हणजे डोक्याला कप लावून ओढलेलं, पण बाळ खालून आलं की आपल्याकडे ते नॉर्मलच. रविवारी पहाटे पाचला पाणी गेलं आणि पोरगा झाला सोमवारी दुपारी दोनला, ३३ तास. कळा कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको.

मला सांगायचंय ते मधल्या रात्रीचं. दोन वाजलेले. पिशवीचं तोंड उघडायचं ते सहा सेंटीमीटरवर अडकलेलं, चार तास तिथंच. बाळाचं तोंड वरच्या बाजूला होतं त्यामुळे सगळी कळ कमरेत, पाठ चोळून चोळून आईचे हात भरून आलेले. मॅडम आल्या, तपासलं, म्हणाल्या, "बाळाचे ठोके चांगलेत, पण तू दमलीयेस. सिझर करायचं का?" विचारलं त्यांनी. हे मुद्दाम सांगतेय कारण घरी सगळे डॉक्टरला नावं ठेवतात आणि मी ऐकून घेते. नाही म्हणाले ती मी. नवरा म्हणाला करून घेऊया, तर त्याच्यावर खेकसले. डोक्यात पक्कं बसलेलं की हे लोक पैशासाठी कापतात. आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं हो, सरकारच्याच २०१९-२१च्या पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरची आहेत आणि नुसते खासगी दवाखाने धरले तर ४७.४. बॅगेत पॅड कमी पडले पण आकडे तोंडपाठ होते. अर्थात आकडे हे निमित्त. आईची दोन्ही नॉर्मल, मोठ्या जावेचं नॉर्मल, आणि मला एकटीलाच जमलं नाही असं व्हायला नको होतं, हे खरं कारण. त्याच्या आधी मीच एका मैत्रिणीला "अरेरे, सिझर करावं लागलं का" म्हणाले होते. तिची माफी अजून मागितलेली नाही.

सकाळी आठला ड्युटी बदलली आणि आदल्या सकाळी मला सलाईन लावून गेलेली सिस्टर परत आली, घरी जाऊन, जेवून, झोपून, नवी वेणी घालून, आणि दारातूनच म्हणाली, "अगं बाई, तू अजून इथंच?" ते मला टाक्यांपेक्षा जास्त लागलं. तेव्हा मी म्हटलं करा बाई आता सिझर, तर मॅडम म्हणाल्या नऊ झालंय, डोकं खाली आलंय, आता थोडंच राहिलंय. ते थोडंच सहा तासांचं निघालं. शेवटी एक सिस्टर स्टुलावर चढून वरून पोट दाबतेय, मॅडम कप लावून ओढतायत, कप एकदा निसटला, मावशी कानाशी, "वरडू नगंस, ताकद जातीया". पोरगा आला तो लगेच रडला नाही. आणि मी विचारलंही नाही की का रडत नाहीये. आजवर नवऱ्यालाही हे बोलले नव्हते, आता वाचेल. मला एवढंच वाटलं, सुटले. तर तेही नाही, गर्भपिशवी घट्ट होईना, रक्त थांबेना, कुणीतरी पोट रगडत होतं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, आणि मला आठवतो तो मावशी बादलीत फडकं पिळत होती त्याचा आवाज. नंतर बाळ दाखवायला आणलं तर मी मान फिरवली.

बारशाच्या फोटोत छान हसतेय बघा.

पुढची दोन वर्षं मी त्या रात्रीच्या दोन वाजताच्या बाईशी भांडले, की मूर्ख, हो म्हटलं असतंस तर. मग कधीतरी वाचलं की डब्ल्यूएचओच्या २०१८च्या सूचनांमध्ये पोट असं वरून दाबू नये म्हटलंय, आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा हिशोबही सगळ्या बायकांना लागत नाही म्हटलंय. म्हणजे मी थांबले ते वेडेपणाचं नव्हतं. की होतंच? टाके दाखवायला गेले तेव्हा मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या रक्त सिझरमध्येही गेलं असतं कदाचित. ही समजूत काढली की हात झटकले, माझं अजून ठरत नाही.

तर दुसऱ्याचं. पोरगा माझा जीव आहे, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते, कारण तुमचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "बाळाचं तोंड बघितलं की सगळं विसरतं गं." नाही विसरले. अजून शिंक आली की आधी पाय आवळते मी. त्याची झबली-टोपडी माळ्यावर एका बॅगेत आहेत, कुणाला दिली नाहीत. त्याचा अर्थ लावत बसू नका, आमची शिडी शेजारच्यांनी नेलीय ती दिवाळीपासून परत आलेली नाही.