एका बिळाचे दोन दावेदार

अमेरिकेत कोलोरॅडोच्या दक्षिणेला सॅन लुईस खोरं आहे. त्याचा तळच समुद्रसपाटीपासून जवळपास २३०० मीटर उंच. इथे पॉकेट गोफरच्या, म्हणजे जमिनीखाली बोगदे खणून राहणाऱ्या, गालांना पिशव्या असलेल्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या, दोन जाती आहेत: खोल, भुसभुशीत मातीतला बोटा आणि डोंगराकडच्या उथळ, दगडगोट्यांच्या मातीतही निभावून नेणारा नॉर्दर्न. नकाशात दोघांचे रंग एकमेकांवर चढलेले दिसतात, पण कुदळ घेऊन गेलं की वेगळंच दिसतं. एका बिळात एकच गोफर. विणीचा काळ सोडला तर त्याला स्वजातीयही खपत नाही.

त्या दिवशी आम्ही एका ओढ्याकाठी होतो. पंख्यासारखा पसरलेला ताजा ढीग बघायचा, कांबीने टोचत बोगदा शोधायचा, पिंजरा आत सरकवायचा. सकाळीच बोटा मिळाला. गालांबाहेरच्या केसाळ पिशव्या मुळांनी टच्च भरलेल्या. आईला फोटो पाठवला, तर म्हणाली, "अगं, ही तर घूसच!" (नातं लांबचं, पण शेतकऱ्यांचा राग दोघांवर सारखाच.)

वजन, मोजमाप, डीएनएसाठी कानाचा कणभर तुकडा. गाडीतच काम चाललं होतं आणि रिकामा पिंजरा तसाच बोगद्यात होता. दुपारी बघते तर आत दुसरा गोफर! अंगाने लहान, कानामागे काळा डाग. नॉर्दर्न. सहकारी म्हणाला, "शक्य नाही, पिंजरे बदलले असणार." पण पिंजऱ्यावरचा क्रमांक तोच होता. पुढे डीएनएनेही तो नॉर्दर्नच असल्याचं सांगितलं.

म्हणजे नॉर्दर्न वर दगडांत राहतो तो हौसेने नव्हे. मऊ माती त्यालाही हवीच असते, तिथे बोटा बसलेला असतो इतकंच. मालक काही तास हलला आणि शेजारी आत. त्याला हे कळलं कसं, वासाने की शांततेने, यावर आम्ही जेवताना वाद घातला.

संध्याकाळी नॉर्दर्नला वरच्या अंगाला, त्याच्या ताज्या ढिगाऱ्यांपाशी सोडलं. बोटाला त्याच्याच बिळात. आत गेल्या गेल्या त्याने मातीचं बूच मारून तोंड बंद केलं.

तेव्हापासून दोन जाती भेटतात त्या पट्ट्यात आम्ही गाडीपर्यंत जात नाही. मोजमाप बिळाशेजारीच उकिडवं बसून उरकतो, आणि गोफर बाहेर आहे तोवर बोगद्याचं तोंड बंद ठेवतो.