पारानालचा डोंगर आणि क्वेसारचा उजेड

चिलीला जाणारे बहुतेक जण सान पेद्रोचं वाळवंट बघून परततात, मला मात्र काहीही करून पारानालची वेधशाळा बघायचीच होती. आंतोफागास्ताहून दक्षिणेला साधारण 120 किलोमीटर, वाटेत झाड सोडा गवताची काडी दिसत नाही, नुसते तांबूस डोंगर, आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटायला लागतात. मग 2635 मीटरवर सपाट केलेला माथा आणि त्यावर चार अवाढव्य दुर्बिणी.

आमच्या ग्रुपला दोन नंबरची, क्वेयेन, आतून दाखवली. आरसा 8.2 मीटर रुंद पण जाडी जेमतेम 17.5 सेंटिमीटर, म्हणून खालून 150 आधार त्याचा आकार सतत सांभाळत असतात. सगळे आरशाचे फोटो काढत होते, माझं लक्ष बाजूच्या प्लॅटफॉर्मवरच्या बंद पेटीकडे. ते युव्हीज, म्हणजे उजेडाचे रंग अगदी बारीक वेगळे करणारं यंत्र. खरं तर याच्यासाठीच आलो होतो मी!

का ते सांगतो. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगेचा प्रचंड तेजस्वी गाभा. त्याचा उजेड अब्जावधी वर्षं प्रवास करून येतो, आणि वाटेत हायड्रोजनचे ढग लागतात जे स्वतः इतके अंधूक की एरवी दिसणं कठीण. प्रत्येक ढग 121.6 नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड गिळतो, पण विश्व प्रसरण पावतंय त्यामुळे उजेड वाटेत ताणला जातो आणि रंगांच्या पट्ट्यात प्रत्येक ढगाची काळी रेघ वेगळ्या जागी पडते, लांबच्याची जास्त लाल बाजूला. अशा शेकडो रेघा म्हणजे लायमन अल्फा फॉरेस्ट. कुठला गॅस किती लांब, किती दाट, त्यात कुठली मूलद्रव्यं, सगळं त्यातून वाचता येतं.

आणि याच दुर्बिणीवर, याच युव्हीजने, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले श्रीआनंद आणि त्यांचे फ्रेंच सहकारी पेटिजाँ, लेदू यांनी अशाच एका ढगातला कार्बन बघितला. क्वेसारचा उजेड त्या ढगातून गेला तेव्हा विश्व जेमतेम 2.8 अब्ज वर्षांचं होतं. कार्बनचे किती अणू थोड्या वरच्या ऊर्जेच्या पातळीला आहेत हे मोजलं की आजूबाजूचं प्रारण त्यांना किती ऊब देतंय ते कळतं, आणि त्यावरून 2000 साली त्यांनी सांगितलं की तेव्हा विश्वाच्या पार्श्वभूमीचं, म्हणजे महास्फोटातून उरलेल्या आणि सगळीकडे भरलेल्या प्रारणाचं तापमान 6 ते 14 केल्विनच्या दरम्यान होतं. महास्फोटाच्या सिद्धांताप्रमाणे यायला हवं 9.1, आणि आज ते 2.7 आहे. म्हणजे विश्व खरंच थंड होत आलंय, हे थेट जुन्या काळात डोकावून बघितलं लोकांनी, आणि त्यात आपल्या गणेशखिंडीतला माणूस! त्या प्लॅटफॉर्मखाली उभं राहून हे आठवलं तेव्हा अंगावर काटा आला. पुढे 2008 मध्ये दुसऱ्या एका ढगातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून श्रीआनंद यांच्याच टीमने 9.15 केल्विन काढलं, अपेक्षा 9.3 ची होती.

जायचं असेल तर टूर शनिवारी असते, फुकट आहे, पण नाव आधीच नोंदवावं लागतं. जाडसर जॅकेट घ्याच, माथ्यावर वारा जबरदस्त असतो.