क्लिकवर वन्स मोअर बसत नाही

रविवार, रात्र

आजच्या पॉप कार्यक्रमांबद्दल आमच्या वयाच्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: हे गातच नाहीत, नुसते ओठ हलवतात. ही तक्रार बरीचशी चुकीच्या जागी बोट ठेवते. बहुतेक मोठ्या कार्यक्रमांत गायक खरोखर गात असतो. पण त्याच्या गळ्याबरोबर आधी मुद्रित केलेलं बरंच काही वाजत असतं आणि ते सगळं एका घड्याळाला बांधलेलं असतं. माझं भांडण त्या घड्याळाशी आहे.

सोमवार

यंत्रणा साधारण अशी असते. स्टेजच्या कडेला, पडद्याआड, दोन कॉम्प्युटर: ए आणि बी. दोघांवर तेच सामान, म्हणजे तालाचे फिरते तुकडे (लूप), सिंथेसायझर, व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं (स्ट्रिंग्ज), कोरस आणि पुष्कळदा मुख्य गायकाच्याच आवाजाचा एक थर. दोन्ही एकाच वेळी सुरू करतात. ए मधून एक अखंड सूर सोडलेला असतो. तो लोकांना ऐकू येत नाही, पण तुटला की मधली स्विचची पेटी तत्काळ बी कडे वळते. ए बंद पडला हे पहिल्या रांगेलाही कळत नाही.

या मुद्रित सामानाबरोबर, म्हणजे ट्रॅकबरोबर, आणखी दोन गोष्टी धावतात. एक क्लिक: वाजवणाऱ्यांच्या कानात पडणारा टकटक ठोका आणि कडव्याआधी ‘वन, टू, थ्री, फोर’ मोजणारा मुद्रित आवाज. दुसरा टाइमकोड: तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम मोजणारं घड्याळ, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेमचं. दिवे आणि एलईडी भिंतीवरचा व्हिडिओ त्याच्या तालावर नाचतात. सोयीसाठी पहिल्या गाण्याचा कोड एक वाजता सुरू करतात, दुसऱ्याचा दोन वाजता. गाण्यांचा क्रम बदलला तरी दिव्यांचा हिशेब चुकत नाही. आतषबाजी मात्र सुरक्षेसाठी बहुधा माणसाच्या बोटावरच ठेवतात, आणि ते बरंच आहे.

आता समजा अंतऱ्यातली एखादी ओळ गायकाला अशी काही लागली की मैदान उसळलं. ती ओळ परत घ्यावी म्हटलं तर घेता येत नाही. बँड थांबला तरी ट्रॅक पुढे जातो. गायक मागे वळला तर मुद्रित स्ट्रिंग्ज पुढच्या कडव्याचे सूर धरून बसलेल्या. आख्खं गाणं पुन्हा घेता येईल, कारण ट्रॅक आरंभाला नेला की टाइमकोडही मागे येतो. पण कागदी तुकडे उडवणाऱ्या तोफा एकदाच भरलेल्या, आणि नर्तक पुढच्या गाण्याचे कपडे बदलायला आत गेलेले.

हुशार प्रोग्रॅमर गाण्याच्या शेवटी चार-आठ आवर्तनांचा एक फिरता तुकडा ठेवतात. कीबोर्डवाला पेडल दाबेपर्यंत तो फिरत राहतो. गायक लोकांशी गप्पा मारतो तेव्हा मागे तेच चालू असतं. एवढीच काय ती मोकळीक, आणि तीही आधी ठरवलेल्या जागी.

संगीत नाटकात वन्स मोअरला यंत्र लागत नव्हतं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा. पद संपलं, आरोळी आली की साथीदारांनी समेचा अंदाज घेऊन मुखडा उचलायचा. दुसऱ्या खेपेला हरकत वेगळी, थांबण्याची जागा वेगळी. शब्द इंग्रजी असला तरी खोड आपलीच आहे. लावणीच्या बैठकीत आणि कव्वालीतही दाद मिळालेली ओळ फिरूनफिरून येते. गंमत म्हणजे कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा गायक जगभरच्या कार्यक्रमांत एक गाणं मध्येच थांबवतो, फोन खिशात टाकायला सांगतो आणि पुन्हा पहिल्यापासून गातो. लोक खूश होतात. ठरवून केलेला वन्स मोअर, दर मुक्कामी तोच.

मंगळवार

ओठांबद्दल थोडं. मैदानात शंभर मीटर मागे उभं राहून पडद्यावर पाहिलं की ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि लगेच ‘लिप-सिंक!’ अशी कुजबुज सुरू होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ ०.३ सेकंद. मधल्या मनोऱ्यांवरचे स्पीकरही स्टेजवरच्या आवाजाशी जुळावेत म्हणून मुद्दाम तेवढेच उशिरा सोडलेले असतात. त्यात कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चित्रालाही वेळ लागतो. तो ०.१ सेकंद धरला तर साधारण ३४ मीटरवर ओठ जुळतील. त्याच्या पुढे बसलेल्याला चित्र मागे पडल्यासारखं वाटेल, मागच्याला आवाज.

खरी परीक्षा माईकची. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. दोन सेंटिमीटरचे आठ झाले तर १२. शिवाय या माईकमध्ये जवळ आल्यावर येणारा खर्जाचा भरणा दूर गेल्यावर झडतो. माईक छातीपाशी आला आणि आवाज तसाच भरदार राहिला, तर तो मुद्रित आहे असं समजावं. ‘प’ आणि ‘भ’ला होणारी फुंकर, उडी मारून टेकताना हलणारा स्वर, ओळीआधीचा श्वास या खुणाही पाहाव्यात. मात्र हे सगळं खरं असूनही खाली मुद्रित थर वाजत असू शकतो. गायक लोकांकडे माईक धरतो आणि त्याच्या आवाजाची एक पातळ साय तरीही चालू राहते, तेव्हा तो थर कानाला सापडतो.

गुरुवार

ऑटो-ट्यून, म्हणजे घसरलेला आवाज जवळच्या सुरावर ओढून बसवणारं सॉफ्टवेअर. अँडी हिल्डेब्रँड तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या नोंदी तपासण्याच्या कामातला माणूस. १९९७ साली त्याने हे आणलं, आणि १९९८ मध्ये शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने त्याचा तुटक आवाज घरोघरी नेला. हे आता कार्यक्रमातही चालतं. मुख्य खटका वेगाचा. सूर ओढण्याचा वेळ शून्यावर ठेवला की पायऱ्या ऐकू येतात. वीस-तीस मिलिसेकंदांवर ठेवला तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही.

पण दोन ठिकाणी ते फसतं. गायक अर्ध्या स्वरान्तराच्या निम्म्याहून जास्त घसरला की यंत्र त्याला शेजारच्या चुकीच्या सुरावर नेऊन बसवतं, आणि तेही अगदी ठामपणे. दुसरं, माईकमध्ये ड्रमचा आवाज शिरला की सूर ओळखण्यातच घोटाळा होतो. आपल्या गाण्यात तिसरंही आहे: मींड. कोमल गंधारावरून शुद्धावर सरकणारा आवाज यंत्राला दुरुस्त करण्याजोगी चूक वाटते. वेग चढा असला तर मींडेचा जिना होतो. जाणता ध्वनितंत्रज्ञ अशा जागी ते बंद करतो किंवा अगदी सैल सोडतो. सगळीकडे एकच सेटिंग लावून ठेवणाऱ्याला माझा राग आहे.

शुक्रवार

पूर्वी सगळं सच्चं होतं असं म्हणणाऱ्यांनी १५ ऑगस्ट १९६५ आठवावा. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, बीटल्सचा कार्यक्रम, पंचावन्न हजारांहून जास्त लोक, गिटारींना १०० वॉटचे अँप्लिफायर आणि गळ्याला स्टेडियमचे भोंगे. स्वतःचा आवाज ऐकायला त्यांना स्टेजवर मॉनिटर नव्हते. त्या कार्यक्रमाची फिल्म दाखवण्याआधी लंडनच्या स्टुडिओत आवाज पुन्हा भरून घ्यावे लागले. तेव्हा ठिगळं त्याही काळी होती. फरक एवढाच की ती नंतर लावली जात. त्या संध्याकाळी मैदानावर काहीही घडू शकत होतं.

दुसरं घड्याळ भिंतीवरचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देता येते. ३० एप्रिल २०२३ला पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम पोलिसांनी याच कारणाने थांबवला. नियम योग्यच आहे. शेजारी राहणाऱ्यांनाही कान असतात. पण सात वाजताचा कार्यक्रम पावणेआठला सुरू करायचा आणि मग शेवटची गाणी कापायची, हा दोष नियमाचा नाही.

शनिवार

जायचंच तर स्टेजला चिकटून उभं राहू नये. तिथे सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, दणका पोटात बसतो आणि शब्द डोक्यावरून जातात. ध्वनितंत्रज्ञाचं टेबल जिथे असेल त्याच्या आसपास जागा धरावी, कारण तो तिथे ऐकूनच आवाज जुळवतो. फोमचे कर्णरोधक घ्यावेत. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचं वरचं टोक वर ओढायचं, आत सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे. १०० डेसिबलला पंधरा मिनिटांतच कानाचा दिवसभराचा कोटा संपतो.

आणि कार्यक्रमाच्या मध्यावर गर्दीत असलेल्या छोट्या स्टेजकडे लक्ष ठेवावं. गायक गिटार घेऊन किंवा पियानोपाशी तिथे येतो, ड्रमर मागेच राहतो. मुख्य स्पीकर तिथून चाळीस मीटरवर असले तर त्यांचा आवाज ०.१२ सेकंद उशिरा येतो, म्हणून इअरपीस कानातच राहतात. पण त्यात बहुधा क्लिक नसते. दिवे जागचे हलत नाहीत, पाय स्वतःचा ठेका धरतो, आणि लय कडव्यागणिक थोडी मागेपुढे होते. ही दोन-तीन गाणी. वन्स मोअर ओरडायचा तर इथे.