रॉड, कापूस आणि बारा व्होल्ट

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मानवतजवळच्या एका खेड्यातून सकाळीच फोन आला. "मिस्त्री, आमच्याकडं व्होल्टेजच यायलं नाही. स्टॅबिलायझर घ्यावा म्हणतो. केवढा घ्यावा तेवढं सांगा."

फोनवर आकडा सांगून मोकळं होता आलं असतं. पण मीटर लावल्याशिवाय कुणाला खर्चात पाडायचं नाही, ही वीस वर्षांची सवय. दुपारी गेलो.

जुनं माळवदाचं घर. माजघराच्या मागची खोली कापसानं पार तुळईपर्यंत भरलेली. भाव वाढेल म्हणून राखलेला, चाळीसेक क्विंटल तरी असेल. त्याच्या पलीकडं पडवी आणि न्हाणीघर, तिथं पाणी तापवायचा रॉड. आजी म्हणाल्या, "पंधरा दिस झाले बाळा, पाणी लवकर तापंनाच. आन् रॉड लावला की पडवीतला बल्ब मान टाकतो." मामा म्हणत होते, डीपीवरूनच, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, कमी यायलंय. बोलता बोलता आजींनी आणखी एक सांगितलं, की कापसाच्या खोलीत उंदीर मेलाय वाटतं, सकाळच्या पारी वास येतो. तेव्हा मी ते कानाआड केलं.

मीटरजवळ मोजलं, २२८ व्होल्ट. रॉड चालू असतानाही तिथं २२८च. न्हाणीघरातल्या सॉकेटवर मात्र रॉड चालू केला की २१६, बंद केला की परत २२८. डीपीवरून कमी येत असतं, तर मीटरजवळही कमीच दिसलं असतं. बारा व्होल्ट घरातल्या घरात, वाटेत कुठंतरी खाल्ले जात होते, आणि तेही करंट वाहत असतानाच.

फेजच्या एकट्या वायरभोवती क्लॅम्प मीटर लावला; वायर न तोडता तो करंट मोजतो. ६.१ अँपिअर. मामांकडून बियाण्याची जुनी पावती मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली.

आधी रॉड तपासला. त्यावर २३० व्होल्टला १५०० वॅट लिहिलेलं. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट केलं की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, निघतो, साधारण ३५ ओहम. प्रत्यक्षात २१६ भागिले ६.१, तेही ३५च्या वर थोडंसं. म्हणजे रॉड चांगला. त्याला मिळणारी पॉवर मात्र २१६ गुणिले ६.१, तेराशे वॅटच्या थोडी वर. आजींचं पाणी तापत नव्हतं ते खरंच होतं!

मग हरवलेल्या बारा व्होल्टचा हिशोब. बारा भागिले ६.१, जवळजवळ दोन ओहम. वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, जाऊन-येऊन तीस मीटर. अशा वायरला किलोमीटरमागं साडेसात ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो, म्हणजे तीस मीटरला पाव ओहमसुद्धा नाही. उरलेला पावणेदोन ओहम कुठंतरी एका जागी बसलेला. करंटचा वर्ग करून त्याला गुणलं, आणि उत्तर पाहून पेन खाली ठेवलं. पासष्ट वॅट.

माझ्या पिशवीतलं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे. त्याच्या टोकाला कथील वितळतं. त्याच्या अडीचपटीहून जास्त उष्णता वायरच्या एका जागी रोज सकाळी निघत होती, आणि ती वायर कापसाच्या खोलीतून गेलेली. आजींचा उंदीर तेव्हा आठवला.

मेन स्विच आधी पाडला. मामांना म्हणालो, "आत्ताच्या आत्ता कापूस भिंतीपासून हलवा." पोरांनी हातोहात चर पाडला. छातीच्या उंचीवर, केसिंग पट्टीच्या आत तो जोड सापडला. पोरीच्या लग्नात मांडवाच्या लायटीसाठी वायर तोडली होती, आणि नंतर मधला तुकडा ॲल्युमिनियमचा घालून नुसता पीळ देऊन जोडली होती. तांबं आणि ॲल्युमिनियम गरम झाल्यावर सारखं फुगत नाहीत, पीळ सैल होतो, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो आणि त्यानं जोड आणखी तापतो. टेप वितळून काळ्या गुळासारखी घट्ट झाली होती. पट्टी पिवळी पडून वाकलेली. तिला टेकलेल्या कापसाचा ओंजळभर भाग तांबूस झाला होता. बोटांत धरला तर चुरा झाला. कापूस वरून भडकण्याआधी आतल्या आत धुमसतो, धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मामा किती तरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण एमसीबी कसा पडला नाही?"

हे मला प्रत्येक घरात जाऊन सांगावंसं वाटतं. एमसीबी जास्तीचा करंट तोडतो. इथं करंट वाढलाच नव्हता, उलट साडेसहाचा ६.१ झाला होता. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्यात काहीच वावगं दिसत नाही. स्टॅबिलायझर बसवला असता, तर रॉडला पुरं व्होल्टेज देण्यासाठी त्यानं मागून जास्त करंट ओढला असता, आणि जोड आणखी तापला असता.

त्या खोलीतली वायर कायमची काढली. पडवीच्या बाहेरच्या बाजूनं पाइपातून नवी तांब्याची वायर एकसलग ओढली, मधे एकही जोड नाही. दिवे लागायच्या वेळी रॉड लावून पुन्हा मोजलं. सॉकेटवर २२६, करंट ६.४. पडवीतला बल्ब जागचा हलला नाही. आजींनी थोड्या वेळानं रॉड बंद करायला लावला, बादलीत बोट घातलं आणि चटकन मागं घेतलं.

जळका जोड मामांनी मागून घेतला. कोनाड्यात, मीटरच्या बाजूला, तो अजून ठेवलेला आहे.