तुम्ही विचारलंत म्हणून: आधीच आवरून ठेवलेल्या स्वयंपाकघरात मला काय दिसतं?

नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक आहे असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही येणार म्हटल्यावर सगळे आवरून ठेवतच असतील ना? मग तुम्हाला खरं काय दिसतं?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याच्या मनात अशीही शंका असते की तपासणी म्हणजे नुसता सोपस्कार. म्हणून जरा सविस्तर सांगते.

हॉटेल-खानावळींत बहुतेक वेळा आम्ही न कळवताच जातो. तरी दारात ओळखपत्र दाखवेपर्यंत आत धावपळ सुरू होते, हे खरं आहे. दहा मिनिटांत फरशी पुसून होते, ओटा धुऊन होतो, डोक्यांवर टोप्या चढतात. या गोष्टींवर मी फारशी विसंबत नाही. लखलखीत ओट्यावरचं अन्नही बाधू शकतं आणि भिंतींचा रंग उडालेल्या स्वयंपाकघरातलं अन्न सुरक्षित असू शकतं. मला पाहायचं असतं ते त्या जागेचं वळण. अन्न किती वेळ कुठे राहतं, हात कधी धुतले जातात, पाणी कुठून येतं, हे दहा मिनिटांत बदलता येत नाही.

सगळ्यात आधी मी हात धुवायच्या बेसिनपाशी जाते. ते कोरडं ठणठणीत असेल, साबणाच्या कडासुद्धा झिजलेल्या नसतील किंवा बेसिनमध्ये भांडी रचलेली असतील, तर ऐन कामाच्या वेळी तिथे कुणी हात धुतलेले नाहीत एवढं नक्की. बेसिन कुठे आहे, हेही पाहते. कच्चं मांस कापायच्या जागेपासून तिथवर जायला दोन दारं ओलांडावी लागत असतील, तर गर्दीच्या वेळी माणूस फडक्यालाच हात पुसणार. यात त्याचा दोष कमी, मांडणीचा जास्त. म्हणून "कामगार हात धूत नाहीत" एवढंच लिहून मी अहवाल संपवत नाही. बेसिन कुठे हवं तेही लिहिते.

मग फ्रीज. दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, म्हणून थर्मामीटरची सुई मी थेट अन्नात खुपसते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे गार झालं, असा सगळ्यांचा समज असतो. पण मोठं पातेलं भरून गरम अन्न तसंच आत सरकवलं, तर ते कडेने गार लागतं आणि मधोमध कित्येक तास कोमट राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला एवढंच हवं असतं. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि अन्न कोमट झालं की त्यांतून पुन्हा जंतू वाढू लागतात. शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचं तर त्याहून अवघड. त्याचं उलट्या करवणारं विष अन्न पुन्हा उकळलं तरी नष्ट होत नाही. म्हणूनच "आम्ही परत गरम करतो ना" या उत्तराने माझं समाधान होत नाही. उपाय साधा आहे: अन्न उथळ, पसरट भांड्यांत वाटून ठेवायचं आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचं. त्याला यंत्र लागत नाही. जागा लागते, आणि रात्री दमलेल्या माणसाचा आणखी थोडा वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे त्याला मिळतात का, हा माझ्या मते आरोग्याचाच प्रश्न आहे.

तापमानाची नोंदवही मी नंतर मागते. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ ४ अंश, सगळं एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेलं, असं दिसलं की मी सावध होते. खऱ्या फ्रीजचे आकडे हलतात. दार उघडं राहतं, वीज जाते, उन्हाळा येतो. ज्या वहीत मध्येच "८ अंश, दाराचं रबर बदललं" अशी नोंद सापडते, त्या वहीवर माझा विश्वास बसतो.

खोट्या नोंदी कुठवर नेतात हे सांगायला मी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या वॉकर्टन गावाचं उदाहरण देते. मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेणखतातले ई. कोलाय जंतू तिथल्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात पुरेसं क्लोरीन असतं तर ते मेले असते. पण पाणीपुरवठा सांभाळणारे लोक क्लोरीन न मोजताच वर्षानुवर्षं वहीत आकडे भरत होते. सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या गावात २,३०० च्या आसपास माणसं आजारी पडली आणि ७ जणांचा जीव गेला. सरकारी तपासणीत हा प्रकार आधीच लक्षात यायला हवा होता, असं नंतरच्या चौकशीत स्पष्ट झालं. हा ठपका मी माझ्या पेशावरचा मानते. कुठलीही वही हातात घेताना तो माझ्या मनात असतो.

म्हणून पाण्याचा नमुनाही मी टाकीजवळ न घेता सगळ्यात लांबच्या नळाला घेते. डीपीडी नावाची क्लोरीन तपासायची गोळी टाकल्यावर पाणी गुलाबी झालं आणि लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं, तर वाटेत फारसं काही शिरलं नसावं असं म्हणता येतं. रंगच आला नाही की शोध सुरू होतो. टाकीचं झाकण बसतं का, गटारालगतचा सांधा गळतो का, पुरवठा बंद असताना रिकामी नळवाहिनी बाहेरचं घाण पाणी आत ओढते का.

सगळ्यात मोलाची माहिती मात्र भांडी घासणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या माणसाकडे असते. त्याच्याशी मी मालकासमोर बोलत नाही. "हात धुता का?" असंही विचारत नाही, कारण बिचाऱ्याला "हो"च म्हणावं लागतं. मी विचारते, "गेल्या वेळी पोट बिघडलं होतं तेव्हा काय केलंत?" "आलो की कामाला, न येऊन कसं भागेल?" असं उत्तर आलं की त्या जागेतला खरा धोका मला कळतो. नोरोव्हायरससारख्या आजारात उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास दुसऱ्यासाठीच्या अन्नाला हात लावू नये. दिवस बुडला की ज्याचा पगार बुडतो, त्याने हे कसं पाळावं? आजारपणात पगारी रजा मिळाली, तर भिंतीला नव्या टाइल्स लावण्यापेक्षा जास्त लोक वाचतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तशी रजा द्यायला लावण्याचा अधिकार निरीक्षकाकडे नसला, तरी मी मालकाला ही गोष्ट सांगतेच. एका माणसाचे दोन दिवसांचे पैसे एका बाजूला, आणि शंभर गिऱ्हाईकं आजारी पडणं दुसऱ्या बाजूला. बरेच मालक ऐकतात.

"मग दोष दिसला की लगेच बंद का करत नाही?" असं पुढे विचारलं जातं. करतो. सांडपाणी आत तुंबलं असेल, पाणीच येत नसेल, उंदरांच्या मऊ, चकाकत्या ताज्या लेंड्या अन्नाच्या साठ्यालगत पडल्या असतील, तर तिथे मुदत देत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी लेखी सूचना, मुदत आणि फेरतपासणी. फेरतपासणीला मी पहिल्या भेटीपेक्षा जास्त महत्त्व देते, कारण सांगितलेली गोष्ट कुणाला पटली आणि कुणी नुसती मान डोलावली, ते तेव्हा कळतं.

यात तुमचीही मदत लागते. बाहेरचं खाऊन आजारी पडलात तर तक्रार जरूर करा, पण फक्त शेवटच्या जेवणावर बोट ठेवू नका. स्टॅफिलोकॉकस जंतूच्या विषाने काही तासांतच उलट्या सुरू होतात, साल्मोनेला जंतूला साधारण ६ ते ७२ तास लागतात, आणि हिपॅटायटिस ए ची कावीळ दिसायला दोन ते चार आठवडे जातात. त्यामुळे कधी आणि कुठे खाल्लं, सोबत कोण होतं, त्यांतल्या कुणाला त्रास झाला, पहिलं लक्षण कोणत्या वेळी जाणवलं, हे कागदावर लिहून आणा. डॉक्टरांनी शौचाचा नमुना तपासायला सांगितला तर तो टाळू नका. एवढं हातात असलं की कुठल्या दारात जायचं आणि आत गेल्यावर कुठलं पातेलं उघडायचं, हे मला ठरवता येतं.