पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, तरी लॉगिन होईना (माझा अनुभव)

पासवर्ड चुकला की साइट लाल अक्षरात तसं सांगते तरी. इथे काहीच सांगत नव्हती. आयडी टाका, कॅप्चा टाका, ओटीपी टाका, सबमिट करा, क्षणभर पांढरं पान आणि परत तेच लॉगिन पेज, कोरं करकरीत, जसं काही आपण आलोच नव्हतो.

फॉर्म माझ्या काकांचा, दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे त्यांची, मुदत संपत आली म्हणून सिडकोत माझ्याकडे आले. पासवर्ड डायरीत, फवारणीच्या हिशोबाखाली लिहिलेला आणि शेजारी "पहिलं अक्षर मोठं". काकांचं एकच चालू, "तू मोठं अक्षर टाकत नसशील बघ." म्हटलं काका, ओटीपी आला ना तुमच्या मोबाइलवर, म्हणजे पासवर्ड पास झालाय, घोळ पुढे आहे. हेल्पलाइनचं ठरलेलं उत्तर, "सर, हिस्ट्री आणि कॅशे क्लिअर करा." अख्खी हिस्ट्री उडवायला माझा विरोध असतो, तिच्यासोबत कुकीज (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखीच्या चिठ्ठ्या) पण उडवल्या की बाकीच्या सगळ्या साइटवरून पण लॉगआउट होतं आणि मग त्यांचे पासवर्ड आठवत बसा.

आधी काकांच्या मोबाइलवर टाकून बघितलं, तिथे झटक्यात लॉगिन. म्हणजे अकाउंट ठीक, लफडं माझ्या कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये. मग इन्कॉग्निटो (क्रोमची खासगी विंडो, तिथे जुन्या कुकीज नसतात), तिथेही तेच रडगाणं. आता बरेच जण इथे म्हणतील मग कुकीजचा प्रश्न नाही, पण क्रोमच्या इन्कॉग्निटोत थर्ड पार्टी कुकीज (म्हणजे उघडलेल्या साइटच्या नाही, दुसऱ्याच पत्त्यावरच्या साइटच्या) मुळात ब्लॉकच असतात, त्यामुळे तिथे नाही चाललं म्हणून कुकीज सुटल्या असं होत नाही, उलट मला तिथेच संशय आला.

कारण असं की ब्राउझर आणि सर्व्हर (साइटचा कॉम्प्युटर) एकमेकांशी ज्या एचटीटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात ते विसरभोळं आहे, एका क्लिकनंतर दुसरा क्लिक कोणाचा ते त्याला कळत नाही. म्हणून 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुलीने कुकी काढली. आपल्याकडे रविवारी मिसळीला गेलं की गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घेतो ना तसंच, टोकन दाखवलं नाही तर आतला माणूस म्हणणार आधी गल्ल्यावर जा. या पोर्टलचं लॉगिन वेगळ्याच डोमेनवरून मुख्य पानाच्या आतच उघडत होतं, म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने ती कुकी तिऱ्हाइताची. आणि माझ्या भाच्याने जाहिराती मागे लागतात म्हणून सेटिंगमध्ये थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक करून ठेवल्या होत्या (तसं वाईट नाही केलं त्याने, सफारी तर 2020 पासून स्वतःहूनच करतं).

अॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला काट मारलेला छोटा डोळा दिसत होता, इतका वेळ तिकडे लक्षच कोण देतंय. त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटला परवानगी दिली. तरी पहिल्यांदा परत बाहेरच! मग अॅड्रेसच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक, कुकीज आणि साइट डेटा, तिथे त्या साइटची नावं दिसतात आणि पुढे कचऱ्याचा डबा, तेवढीच जुनी कुकी उडवली, टॅब बंद, नवीन टॅब, आणि काकांचं नाव, गाव, गट नंबर सगळं स्क्रीनवर. काका म्हणे, "आता मोठं अक्षर टाकलंस वाटतं."

फॉर्म सबमिट झाला, पावतीची प्रिंट काढली. सगळ्या साइटना मोकळं रान दिलं नाही, ब्लॉकची सेटिंग आहे तशीच आहे, फक्त या एका पोर्टलला सूट. काकांच्या मुलीकडे आयफोन आहे, तिला पण हाच त्रास, तिला फोनवरच सांगितलं की सेटिंग्जमध्ये सफारीत जा, क्रॉस साइट ट्रॅकिंग रोखायचं बटण तेवढ्यापुरतं बंद कर, काम झालं की आठवणीने चालू कर.